ट्राम जपायची म्हणजे काय जपायचे?

पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात कोलकात्यातील ट्रामसेवा गुंडाळण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्या घोषणेला एक शेपूटही जोडलेले होते. शहरातील अन्य मार्ग बंद होतील, परंतु एस्प्लनेड ते मैदान एवढ्या टापूत एक ट्राम 'वारसा' म्हणून चालू राहील, असे ते आश्वासन होते. ज्या शहरात २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदा ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम प्रथम धावली, जेथे १९०२ मध्ये विजेची ट्राम आली आणि ट्राम टिकवून ठेवणारे भारतातील जे एकमेव शहर उरले होते, तेथील हा निर्णय निव्वळ वाहतूक-व्यवस्थेचा आहे असे कोणी मानले नाही. ट्रामचे चाहते आणि सामान्य नागरिक निषेधासाठी पुढे आले. प्रकरण अगोदरच उच्च न्यायालयात होते, आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने ट्रामचे रूळ डांबर ओतून बुजविण्यास प्रतिबंध केला.

या वादात दोन्ही पक्ष 'वारसा' हा एकच शब्द वापरीत होते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. आम्ही वारसा राखीत आहोत, असे सरकारचे म्हणणे. तुम्ही वारसा मोडीत आहात, असे चाहत्यांचे म्हणणे. एकाच शब्दाने दोन परस्परविरोधी गोष्टी सांगता येत असतील, तर त्या शब्दाचा अर्थ पारखून घेणे अगत्याचे ठरते. जुनी ट्राम किंवा ट्रॉलीबस जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? लाकडा-लोखंडाचा डबा, की वेळापत्रकाप्रमाणे धावून माणसे पोचविणारी सेवा? जगभरच्या ट्रामप्रेमींनी गेली पाऊणशे वर्षे पदरमोड करून जो उद्योग चालविला आहे, त्यात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे मिळते. मात्र त्यासाठी या मंडळींकडे केवळ छांदिष्ट म्हणून पाहण्याची सवय सोडावी लागेल.

दहा पौंडांची गाडी

या चळवळीचा उगम इंग्लंडात दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील एकामागून एक नगरपालिकांनी ट्राम मोडीत काढावयास प्रारंभ केला. १९४८ साली साउदम्प्टनमधील ट्राम बंद होण्याच्या मार्गावर असता काही हौशी मंडळी तेथे निरोपाच्या फेरीसाठी गेली, आणि उघड्या छताची ४५ क्रमांकाची एक गाडी त्यांनी दहा पौंडांना विकत घेतली. गाडी घेतली खरी; पण ती ठेवायची कोठे, याचा विचार कोणी केलेला नव्हता. त्या एका गाडीच्या बिऱ्हाडासाठी सुरू झालेल्या वणवणीतून १९५५ मध्ये ट्रामवे म्युझियम सोसायटी ही संस्था उभी राहिली आणि १९५९ मध्ये तिला डर्बीशायरमधील क्रिच या गावाजवळ चुनखडीच्या एका जुन्या खाणीची जागा मिळाली. आज तेथे ब्रिटनचे राष्ट्रीय ट्राम-संग्रहालय आहे.

तोवर लंडनची ट्राम १९५२ मध्ये, शेफील्डची १९६० मध्ये आणि ग्लासगोची १९६२ मध्ये बंद झाली होती. ग्लासगोत अखेरच्या ट्रामगाड्यांची मिरवणूक पाहावयास सुमारे अडीच लाख लोक रस्त्यांवर लोटले होते म्हणतात. ट्रामच्या अंत्ययात्रेला अशी गर्दी सर्वत्रच होते. आजारपणात विचारपूस करणारे मात्र थोडे असतात. क्रिचची मंडळी त्या थोड्यांपैकी होती. शहरे ज्या वेळी आपले रूळ उखडून भंगारात विकीत होती, त्याच वेळी ही मंडळी ते रूळ, रस्त्यांतील फरसबंदीचे दगड, विजेचे खांब आणि गाड्यांचे सुटे भाग गोळा करीत होती. ट्रामचे कित्येक डबे तोवर शेतावरच्या खोपट्याचे, कोंबड्यांच्या खुराड्याचे किंवा बागेतील विश्रांतिगृहाचे काम करू लागले होते. तेथून ते सोडवून आणून, कुजलेले लाकूड बदलून आणि हरवलेली चाके दुसरीकडून मिळवून पुन्हा उभे करण्यात एकेका गाडीमागे कित्येक वर्षे खर्ची पडली.

या मंडळींना एक गोष्ट प्रारंभीच उमगली होती. जागेवर खिळलेली ट्राम ही ट्रामच नव्हे. म्हणून त्यांनी गाड्या ओळीने मांडून ठेवण्यावर समाधान मानले नाही. त्या खाणीत रूळ अंथरले, वर तारा ओढल्या, १९६३ मध्ये घोड्याची आणि १९६४ मध्ये विजेची ट्राम चालवून दाखविली. योगायोग असा की, त्याच १९६४ सालच्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे निघाली, ती माघारी फिरण्यासाठी नव्हे.

ट्रॉलीबसची गोष्ट याहूनही बिकट. रुळांवरील गाडीला वीज परत नेण्यासाठी पायाखालचा लोखंडी रूळ उपयोगी पडतो, त्यामुळे तिला डोक्यावर एकच तार पुरते. रबरी चाकांच्या ट्रॉलीबसला तशी सोय नाही. तिला दोन तारा लागतात आणि दोन दांड्या. म्हणजे रस्त्यावर काहीच न अंथरता चालणारी ही गाडी आकाशातील जाळ्याने मात्र कायमची बांधलेली. ते जाळे उतरविले की बसलेली गाडी हलविणे अशक्य. लीड्स आणि ब्रॅडफर्ड येथे १९११ मध्ये सुरू झालेली ब्रिटनमधील ट्रॉलीबस २६ मार्च १९७२ रोजी ब्रॅडफर्डमध्येच संपली. पण त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, लिंकनशायरमधील सँडटॉफ्ट येथे युद्धकाळातील एका विमानतळाच्या जागेवर हौशी लोकांनी तिच्यासाठी संग्रहालय थाटावयास घेतले होते. तेथेही त्यांनी तारांचे जाळे उभारूनच दम घेतला.

खेळणे की दस्तऐवज?

ट्रामप्रेमींच्या या विश्वात प्रतिकृती घडविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि उपहासाचा वाटा त्यांच्याच पदरी अधिक येतो. प्रौढ माणसे पाऊण इंचास एक फूट अशा प्रमाणात, म्हणजे मूळ गाडीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी ट्राम घडविण्यात महिनेच्या महिने घालवितात, याचे पाहणाऱ्यांस हसू येते. परंतु ब्रिटनमध्ये १९३८ पासून या कामाला वाहिलेली संस्था अस्तित्वात आहे, यावरून तो चार दिवसांचा नाद नव्हे हे दिसते.

प्रतिकृती करणाराला अंदाजाने भागत नाही. खिडक्या किती होत्या, वरच्या मजल्याच्या जिन्याला वळण कोणत्या बाजूचे होते, पाटीवरचा रंग कोणत्या साली बदलला, दांडीला टेकणारी कमान किती उंच होती, हे त्याला मोजून ठरवावे लागते. त्यासाठी तो जुनी छायाचित्रे धुंडाळतो, कारखान्यातील नकाशांच्या नकला मिळवितो, निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांना गाठून प्रश्न विचारतो. वाहतूक-उपक्रमांच्या कचेऱ्या बंद होतात तेव्हा कागदपत्रांचे गठ्ठे रद्दीत जातात; पण छांदिष्टाची वही टिकते. पुढे केव्हातरी खऱ्या गाडीचा जीर्णोद्धार करू पाहणारास आधार मिळतो तो याच वहीचा. ट्रॉलीबसची प्रतिकृती करणाराला तर दोन तारा एकमेकींस न भिडविता चौकातून कशा पार न्यायच्या, हा अभियंत्यांना छळणारा प्रश्न आपल्या टेबलावर स्वतः सोडवावा लागतो. जे ज्ञान हातांत असते ते पुस्तकात नेहमीच उतरत नाही. ते हातांकडून हातांकडेच जाते. प्रतिकृती हा त्या ज्ञानाचा एक दस्तऐवज होय. मुंबईतील बेस्टच्या आणिक आगारात जे संग्रहालय आहे, तेथेही गतकालीन ट्रामची ओळख नव्या पिढीला होते ती बव्हंशी अशा प्रतिकृतींच्या आणि जुन्या तिकिटयंत्रांच्याच द्वारे.

छंदाची मर्यादा

येथवर छंदाची थोरवी झाली. परंतु जे छंदाने साधले नाही, तेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील ट्रामप्रेमींनी गाड्या वाचविल्या. त्यांना सेवा वाचविता आली नाही. वस्तुतः त्यांच्यापैकी अनेकांचा आग्रह सेवेसाठीच होता. १९३७ मध्ये स्थापन झालेली त्यांची एक संघटना ट्राम हे शहरी वाहतुकीचे उपयुक्त साधन आहे, हेच सांगत आली होती. पण हे बोलणारे लोक छांदिष्ट म्हणून ओळखले जात असल्याने त्यांचे म्हणणे स्मरणरंजनाच्या खात्यात जमा करून बाजूला सारणे सोपे गेले.

त्याची किंमत शहरांनी पुढे मोजली. मँचेस्टरने १९४९ मध्ये बंद केलेली ट्राम १९९२ मध्ये नव्या रूपात परत आणली; शेफील्डने १९६० मध्ये घालविलेली १९९४ मध्ये. एडिंबरोची कथा सर्वांत उद्बोधक आहे. तेथील जुनी ट्राम १९५६ मध्ये बंद झाली आणि नवी २०१४ मध्ये धावू लागली. त्या एका मार्गासाठी सुमारे ७७ कोटी ६० लक्ष पौंड खर्च झाले, काम रखडले, आणि विलंब व वाढीव खर्च यांची चौकशी करण्यास आयोग नेमावा लागला. रूळ उखडण्यास फारसे दिवस लागत नाहीत. ते पुन्हा घालावयाचे म्हटले की जमिनीखालील नळ, तारा, गटारे, दुकानदारांच्या तक्रारी आणि कंत्राटदारांचे दावे हे सारे उभे राहते.

याउलट ज्या शहरांनी सेवा मोडली नाही, तेथे वारसा वेगळा जपावाच लागला नाही. मिलानमध्ये १९२८ च्या नमुन्याच्या ट्रामगाड्या नव्या गाड्यांच्या बरोबरीने रोजच्या उतारूंची ने-आण करीत आल्या आहेत. मेलबर्नने ट्राम कधीच सोडली नाही, त्यामुळे तेथील जुन्या 'डब्ल्यू' वर्गातील गाड्या शहराच्या मध्यभागी फेऱ्या घालू शकतात. त्यांना लागणारे रूळ, तारा व कारागीर चालू व्यवस्थेकडूनच मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९४७ मध्ये महापौरांनी केबल कार बंद करण्याचे योजिले, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी नागरिकांना संघटित करून प्रश्न थेट मतदानास नेला आणि मोठ्या बहुमताने जिंकला. त्याच शहराने १९९५ मध्ये मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामगाड्यांचा एक नियमित मार्ग सुरू केला. मिलानहून आणलेल्या गाड्याही तेथे कामावर जाणाऱ्या माणसांना घेऊन धावल्या.

अर्थात येथेही सावधगिरी हवी. लिस्बनच्या २८ क्रमांकाच्या मार्गावरील पिवळ्या ट्रामची कीर्ती एवढी पसरली की, पर्यटकांच्या झुंबडीत चढावरच्या वस्तीतील म्हाताऱ्या-कोताऱ्यांना जागा मिळणे दुरापास्त झाले. सेवा आणि शोभा यांचा तोल शोभेकडे झुकला, तर गाडी धावत राहूनही शहराच्या हातून जाते.

कोलकात्याचा युक्तिवाद

या पार्श्वभूमीवर कोलकात्याच्या निर्णयाकडे पाहिले पाहिजे. सरकारची बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कोलकात्याच्या भूभागापैकी रस्त्यांखाली जागा अवघी सहा टक्क्यांच्या आसपास आहे, वाहने वाढली, मध्येच थांबणाऱ्या ट्राममागे वाहनांच्या रांगा लागतात, पावसात ओल्या रुळांवरून दुचाक्या घसरतात. हे सर्व खरे आहे. ज्याला रोज सकाळी कामावर पोचायचे आहे, त्याच्या खोळंब्याची भरपाई इतिहासाच्या गोडव्याने होत नाही.

परंतु या युक्तिवादातील एक कडी निसटलेली आहे. रस्ते थोडे असतील, तर ती थोडी जागा प्रथम कोणाला द्यायची? एका ट्रामने जितक्या जागेत जितकी माणसे नेता येतात, तितकी माणसे मोटारींतून न्यावयाची तर रस्त्याचा केवढा तरी पट्टा लागेल. तेव्हा जागेची टंचाई हे ट्राम काढण्याचे कारण म्हणून जितके सांगता येते, तितकेच ती राखण्याचेही सांगता येते. शिवाय ट्राम मंद का झाली, हेही विचारावयास हवे. कोलकात्यातील अनेक हमरस्त्यांवर ट्रामसाठी एके काळी राखीव, वेगळा मार्ग होता. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो सपाट करून इतर वाहनांना मोकळा करण्यात आला. ट्राम मग वाहनांच्या गर्दीत अडकली, आणि उतारूंना भर रस्त्यात उभे राहून चढण्या-उतरण्याची पाळी आली. उतारू कमी झाले. उतारू कमी म्हणून गाड्या कमी झाल्या. गाड्या कमी म्हणून लोक ट्रामची वाट पाहीनासे झाले. काही आगारांच्या जमिनी विकासकांच्या हाती गेल्या. आधी पाय बांधायचे आणि मग चालता येत नाही म्हणून निकामी ठरवायचे, अशातला हा प्रकार झाला.

आणि अखेरीस 'वारसा' म्हणून मैदानाभोवती एक गाडी. क्रिचच्या मंडळींना खाणीत रूळ अंथरावे लागले ते त्यांच्या हाती शहर उरले नव्हते म्हणून. कोलकात्याच्या हाती रूळ, गाड्या, नोनापुकुरसारखी कार्यशाळा आणि तेथील अनुभवी कामगार हे सारे असताना संग्रहालयाचा मार्ग पत्करणे म्हणजे धडधाकट माणसाचे तैलचित्र काढून त्याला घराबाहेर घालविण्यासारखे आहे. कोलकात्यातील ट्रामप्रेमींना हा फरक चांगलाच कळतो, असे त्यांच्या कार्यावरून म्हणावे लागेल. १९९६ पासून मेलबर्न आणि कोलकाता या दोन शहरांतील ट्रामप्रेमी 'ट्रामयात्रा' नावाचा जो उत्सव करीत आले आहेत, त्यात सजविलेली, गाण्यांनी भरलेली ट्राम धावते ती शहराच्या खऱ्या रस्त्यांवरून. उत्सव ट्रामचा आहे; पण त्याला पाया रोजच्या ट्रामचा लागतो.

आपल्या दारात

महाराष्ट्राने यावरून काही शिकायचे, तर आपले स्वतःचे गणित आधी मांडले पाहिजे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची, ७ मे १९०७ रोजी विजेची आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. या ट्रामने नव्वद वर्षे गिरणगावाची, बाजारपेठांची आणि कचेऱ्यांची माणसे वाहिली. ती गेली, आणि मागे राहिली ती दादरच्या 'टी.टी.' या दोन अक्षरांत. ती अक्षरे रोज उच्चारणाऱ्या कित्येकांना त्यांचा अर्थ 'ट्राम टर्मिनस' असा आहे, याची कल्पनाही नसते. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम चालू असता जुने रूळ निघाले, तेव्हा नव्या पिढीला पुराणवस्तू सापडल्यासारखे कौतुक वाटले. जी गोष्ट १९६४ पर्यंत चालू होती तिचे त्रेपन्न वर्षांत उत्खनन व्हावे, यात आपल्या विस्मरणाचा वेग दिसतो.

ट्रॉलीबसचे तर नावही कोणी काढीत नाही. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर सुरू झालेली मुंबईची ट्रॉलीबस २४ मार्च १९७१ रोजी बंद पडली. जेमतेम नऊ वर्षांचे आयुष्य. आणि मौज अशी की, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी 'मेट्रो निओ' या योजनेची घोषणा होऊन तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचे अर्थसाह्य जाहीर झाले, तेव्हा त्या योजनेतील वाहन होते रबरी चाकांचे आणि डोक्यावरील तारांतून वीज घेणारे. म्हणजे नाव नवे असले, तरी जात ट्रॉलीबसचीच. मुंबईत ती का रुजली नाही, तारांनी कोठे दगा दिला, दुरुस्तीचा खर्च कसा पडला, याचा अनुभव याच राज्यातील एका सार्वजनिक उपक्रमाच्या गाठीशी होता. पण त्या अनुभवाची आठवण काढून नव्या योजनेची चर्चा करावी, असे फारसे कोणास सुचले नाही. परदेशातील नमुन्यांकडे मात्र लगेच बोट दाखविण्यात आले. स्मरणशक्ती नसलेला समाज दर पिढीला तोच धडा नव्याने, आणि अधिक फी भरून, गिरवितो.

२०२३ च्या सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेलवर चालणारी दुमजली बस शेवटची धावली. तिला निरोप देण्यासाठी जमलेल्या बसप्रेमींची मागणी साधी होती: निदान एक-दोन गाड्या मोडीत काढू नका, जपून ठेवा. ही मागणी भाबडी म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. मात्र ती अपुरी आहे. गाडी जपताना तिचे आराखडे, दुरुस्तीच्या नोंदी, मार्गांची वेळापत्रके आणि ती चालविणाऱ्या-राखणाऱ्या माणसांच्या आठवणीही जपल्या पाहिजेत. आणि गाडी चालती राहिली पाहिजे. कोणताही सार्वजनिक वाहतूक-उपक्रम एखादे वाहन सेवेतून काढतो, तेव्हा त्या वर्गातील एक तरी गाडी चालू स्थितीत कागदपत्रांसह राखून ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असावे. या कामी हौशी मंडळींना उपरे न मानता सहभागी करून घ्यावे. त्यांच्याजवळ वेळ आहे, जिव्हाळा आहे, आणि पुष्कळदा अधिकाऱ्यांपेक्षा अधिक माहितीही आहे.

तथापि या सर्वांच्या वर एक पथ्य पाळले गेले पाहिजे. सेवा मोडण्याचा निर्णय घ्यावयाचा असेल, तर तो उतारूंच्या सोयीचा, खर्चाचा आणि शहराच्या भविष्याचा हिशेब मांडून उघडपणे घ्यावा. 'वारसा' या शब्दाचे पांघरूण त्यावर घालू नये. जपणूक हा मोडतोडीचा मोबदला होऊ शकत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी दहा पौंड मोजून एक गाडी घेणाऱ्या त्या मंडळींनी जे केले ते नाइलाजाने केले, हे विसरता कामा नये. त्यांच्या शहरांनी त्यांना दुसरा मार्ग ठेवला नव्हता. कोलकात्याच्या घोषणेच्या वेळी तेथे रूळ होते, तारा होत्या, गाड्या होत्या आणि त्या हाकणारी माणसेही होती. ट्राम जपण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग अशा शहराला सांगावा लागू नये. ट्राम चालू ठेवणे, हाच तो मार्ग.